जुन्या करारातला देव एवढा रागीट का?

तुम्ही विचारलंय की जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या पहिल्या, ज्यू लोकही मानतात त्या भागातला देव जरा काही झालं की शहरंच्या शहरं का संपवतो. मी ख्रिश्चन नाही की ज्यू नाही, हौस म्हणून थोडंफार हिब्रू शिकलो, तेवढ्या भांडवलावर सांगतो.

आधी एक गंमत. हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाक आणि ‘अफ’ म्हणजेच राग. आपल्याकडे नाही का, राग नुसता नाकाच्या शेंड्यावर असतो! देव चिडला की त्याचं नाक पेटलं असंच लिहितात. पण निर्गम या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात देव मोशे या इस्राएली पुढाऱ्याला स्वतःची ओळख करून देतो तिथे शब्द आहे ‘एरेख अप्पायिम’, म्हणजे सरळसरळ लांब नाकाचा. मराठी बायबलात त्याचं ‘मंदक्रोध’ केलंय, म्हणजे ज्याला राग यायला वेळ लागतो असा.

आता योना हा संदेष्टा घ्या. माशाने गिळलेला तोच, पण मासा सोडा हो, खरी मजा पुढे आहे. देवाने त्याला इशारा द्यायला निनवेला पाठवलंय, आत्ताच्या मोसुलजवळ, अश्शूरी लोकांचं शहर, ज्यांनी इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं. योनाचा सगळा संदेश हिब्रूत पाच शब्दांचा, अजून ४० दिवस आणि निनवे ‘नेहपाखेत’, म्हणजे उलथंपालथं होणार. देवाने सदोम हे पापी शहर उलथंपालथं केलं तिथेही हेच क्रियापद आहे, पण त्याचा अर्थ पालटणं असाही होतो, आणि शहर खरंच पालटतं, पश्चात्ताप म्हणून राजा राखेत बसतो, गुराढोरांनासुद्धा गोणपाट नेसवून उपाशी ठेवतात. देव शिक्षा रद्द करतो. मग चिडतं कोण? योना! तू मंदक्रोध आहेस हे मला माहीतच होतं, असं देवालाच सुनावतो. योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारी सिनेगॉगमध्ये (त्यांच्या प्रार्थनास्थळात) हेच पुस्तक वाचतात.

म्हणून मला तो राग बऱ्याचदा कोर्टाच्या नोटिशीसारखा वाटतो, आणि नोटिशीत कारणही असतं. आमोस हा संदेष्टा इस्राएली लोकांना म्हणतो, तुम्ही गरिबाला वहाणांच्या एका जोडासाठी विकलंत. यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकात, १६व्या अध्यायात, सदोमचा गुन्हा काय, तर माज, पोटभर खाणं आणि गरिबाला हात न देणं.

पण सगळीकडे हे लागू पडत नाही हेही खरं. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, गाडीतून नेताना खळ्याजवळ बैल अडखळले, सोबतच्या उज्जाने कोश सावरायला हात लावला आणि जागच्या जागी मेला. याचं मला अजून काही पटलेलं नाही. कोश नेणाऱ्या दावीद राजालाही नाही पटलं, तो चिडला, मग घाबरला आणि कोश तीन महिने दुसऱ्याच्याच घरी ठेवून दिला.