खाडीचं पाणी आणि तिथीची पाऊणपट

प्रश्न : गेल्या नाताळात आम्ही तारकर्लीला गेलो होतो. फोटोत पाहिलं होतं शांत निळं पाणी, आणि प्रत्यक्षात दिवसभर पाण्यावरच्या स्कूटरांची घरघर. सासूबाई 74 वर्षांच्या, एक गुडघा बदललेला. मुलगी 9 वर्षांची, पोहता येत नाही. मिस्टर शाकाहारी. परदेशातल्या व्हिडिओंत असतं तसं लगून, म्हणजे तळ्यासारखं स्थिर पाणी, काठावर लहानसं गाव, वाळू, असं आपल्याकडे कुठे मिळेल? लक्षद्वीपला जावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लक्षद्वीपचं आधी उरकते. प्रवाळांनी वेढलेलं खरंखुरं लगून हवं असेल तर आपल्या देशात अगत्ती, बंगारम, कदमत ही बेटं आहेत, आणि तिथलं पाणी व्हिडिओत दिसतं तसंच असतं. पण प्रवेशाचा परवाना काढावा लागतो, सहसा कोचीपर्यंत पोचून पुढे विमान किंवा जहाज धरावं लागतं, आणि गुडघा बदललेल्या बाईंना जहाजातून होडीत उतरवणं हा स्वतंत्र कार्यक्रम असतो. आधी जवळचं बघा.

तुम्ही गेलात तिथून आणखी पाच-सहा किलोमीटर पुढे गेला असतात तर हा प्रश्न पाठवावा लागला नसता. तारकर्लीचा रस्ता पुढे देवबागला जातो आणि तिथे जमीनच संपते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी, आणि त्या पट्टीवर गाव. सकाळचा चहा समुद्राकडे तोंड करून घ्यायचा आणि कप विसळायला खाडीकडच्या पडवीत जायचं, इतकं ते जवळ. भूगोलाच्या पुस्तकात लगूनला ‘खाजण सरोवर’ म्हणतात. आमच्याकडे खाजण म्हटलं की चिखल, तिवरं आणि खेकडे डोळ्यांसमोर येतात, म्हणून गावात हा शब्द वापरू नका. ‘खाडी’ म्हणा.

माझं माहेर त्याच खाडीच्या पलीकडचं, परुळ्याच्या बाजूचं. त्यामुळे देवबाग मी लहानपणापासून समोरच्या काठावरून पाहिलेलं आहे. अगदी खरं सांगायचं तर आमची बाजू जास्त शांत आहे. भोगव्याचा किनारा लांबलचक, माणसं कमी. पण तिथे तुमच्या मुलीला डुंबायला समुद्रच मिळेल, आणि तुम्हाला हवंय तळं. तेव्हा राहायला देवबागच, आणि तेही खाडीच्या अंगाला. खोली ठरवताना ‘सी व्ह्यू’ला भुलू नका. समुद्राकडच्या बाजूला लाटांची धूप चालू असते, कित्येक ठिकाणी दगडांचे बंधारे घातले आहेत, आणि त्या दगडांवरून सासूबाईंना उतरवता येणार नाही. खाडीकडे घराच्या मागच्या अंगणातून चार पावलं टाकली की पाणी. घरमालकिणीला फोनवर तीन गोष्टी विचारा : कमोड आहे ना, खोली तळमजल्यावर आहे ना, आणि एक प्लास्टिकची खुर्ची पाण्यात नेलेली चालेल ना. तिसऱ्या प्रश्नाला ती हसेल, पण हो म्हणेल. माझ्या आईचे शेवटचे दोन हिवाळे तशाच खुर्चीत गेले, घोटाभर पाण्यात पाय सोडून. येणाऱ्याजाणाऱ्या होडीवाल्याला ती हाका मारून ‘काय गावला?’ विचारायची.

आता पाण्याचं. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण खाडीचं पाणी दिसतं तळ्यासारखं पण ते तळं नाही. दिवसातून दोनदा भरतं, दोनदा सुकतं. भरतीचं पाणी माणसाला आत, गावाकडे ढकलतं, आणि सुकतीचं पाणी बाहेर ओढतं. बाहेर म्हणजे संगमाकडे, जिथे नदी समुद्राला मिळते. माझे एक काका म्हणायचे, ‘पाणी गप आसा, पण निजलेला नाय.’

यासाठी मोबाइल लागत नाही, दिनदर्शिका पुरते. तिथीची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, आणि दुपारी बाराच्या सुमाराला सुकती. पाऊण तास इकडेतिकडे धरा. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त जोरात उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याची ये-जा मंद. म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा : तारखा सप्तमी ते दशमीच्या निवडा, शुक्ल की कृष्ण याने फरक पडत नाही, आणि मुलीला अष्टमीच्या दिवशी दुपारी तीन ते साडेपाच पाण्यात सोडा. पाणी चढतं असतं, हळू असतं, ऊनही उतरलेलं असतं. कमरेच्या वर जाऊ द्यायचं नाही, लाइफ जॅकेट घालायचं, आणि पायात जुन्या चपला हव्यात. दगडांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी असते. माझ्या टाचेवर अजून व्रण आहे.

संगमाशी, वाळूवर, कुणी कितीही ‘इथे गुडघाभरच पाणी’ म्हणालं तरी मुलीला पोहायला उतरवू नका. हे मी शहाणपणाने नाही, अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या आम्ही आठजणी संगमाजवळच्या वाळूच्या बेटावर उतरलो. होडीवाला ‘अर्ध्या तासात येतो’ म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाला सोडायला गेला आणि आला दीड तासाने. आम्ही उतरलो तेव्हा बेट बॅडमिंटनच्या दोन मैदानांएवढं होतं. वाळूवर ठेवलेली माझी पिशवी मी तीनदा उचलून वर ठेवली. चौथ्या वेळी ‘वर’ असं काही उरलंच नव्हतं. पाणी मांडीपर्यंत आलं तेव्हा होडी दिसली. कुणी रडलं नाही, पण परत येईपर्यंत कुणी बोललंही नाही. चूक आमचीच जास्त, कारण आठजणींत एकीनेही तिथी पाहिली नव्हती. त्यात मी त्या खाडीकाठची! तेव्हा बेटावर जायचंच असेल तर होडी तुमच्यासाठी थांबून राहील असं आधी ठरवा, पैसे परतल्यावर द्या.

शांततेचं म्हणाल तर ती वेळेवर अवलंबून आहे. मोटारींवरच्या खेळांची घरघर नऊ-दहानंतर सुरू होते. त्याआधीची खाडी तुमची. सहा-साडेसहाला उठलात तर पाण्यावर धुकट थर असतो, पलीकडचे माड अर्धेच दिसतात आणि वल्ह्याचा आवाज होडीच्या बराच आधी पोचतो. समुद्राच्या बाजूला रापण ओढत असतील तर मुलीला घेऊन जा. दोन्ही दोरांना माणसं लागलेली असतात, बायकासुद्धा, आणि जाळं किनाऱ्याशी आलं की पाणी अक्षरशः उकळल्यासारखं दिसतं. तारली, बांगडे, पेडवे, मधेच एखादा चुकलेला खेकडा. दोराला हात लावायचा असेल तर विचारून लावा, बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. मात्र मधे उभं राहून सेल्फी काढू नका, दोर ताणलेला असतो.

नाताळ ते 1 जानेवारी टाळा, हे तुम्हाला आता सांगायला नको. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्राही टाळा, किंवा मुद्दाम जत्रेलाच या. तिची तारीख ठरलेल्या तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि एकदा ठरली की कोकण रेल्वेत पाय ठेवायला जागा राहत नाही. गाडी कुडाळला सोडा, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. पुढे देवबागला रिक्षा मिळते.

मिस्टरांची काळजी करू नका, फक्त घरमालकिणीला दोन दिवस आधी कळवा. ऐनवेळी सांगितलंत तर बिचारी बटाट्याची भाजी करील आणि तुम्ही नाशिकला जाऊन सांगाल की कोकणात शाकाहारी मिळत नाही. आधी कळवलंत तर काळ्या वाटाण्याचं सांबार नि आंबोळ्या, कुळथाची पिठी, रसातले शिरवाळे, सोलकढी. भांडी वेगळी हवी असतील तर तेही फोनवरच सांगा. मासळीच्या घरात तवा एकच असतो आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही.

प्रश्न : वाळूच्या ज्या बेटाला ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात, ते खरंच त्सुनामीने तयार झालं का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, सांगली

उत्तर : 2004च्या त्सुनामीनंतर वाळू वर आली असं गावात सांगतात आणि नाव त्यावरूनच पडलं. पण नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे येतजात असतात. त्या बेटाचा आकार मी स्वतः तीन वेळा तीन प्रकारचा पाहिला आहे. एकदा तर पिशवी हातात घेऊन.

प्रश्न : आम्हाला सुट्टी जुलैमध्येच मिळते. पावसात देवबागला गेलेलं चालेल का?
– एक दांपत्य, ठाणे

उत्तर : चालेल, पण लगून विसरा. नदीचं लाल पाणी खाडीत उतरतं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असल्याने ट्रॉलरची मासळीही नाही. ताटात सुकं येईल. सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी आणि पत्र्यावरचा पाऊस यांवर दोन दिवस काढता येत असतील तर या. छत्री आणू नका, वारा ती ठेवत नाही. रेनकोट आणा.