ऑफिसमध्ये सगळे मला 'मेहनती' म्हणतात, 'हुशार' कधीच नाही. हे कौतुक समजायचं की टोमणा?

तुम्ही लिहिलंय की लहानपणापासून घरी 'ताई हुशार, धाकटी मेहनती' असंच ऐकत आलात, आता ऐरोलीच्या ऑफिसातही टीम लीड दर मीटिंगला 'हिची मेहनत बघा' म्हणतो आणि शेजारच्या मुलाला 'काय डोकं आहे याचं', आणि चारचौघांत कौतुक होऊनही आतून टोचतं म्हणजे आपणच जास्त विचार करतोय का. नाही हो, टोचतंय ते बरोबरच टोचतंय. टीम लीड मुद्दाम काही बोलतोय असं मी म्हणत नाहीये, तो बिचारा मनापासून कौतुकच करत असेल, पण तुम्हाला त्यातून जे ऐकू येतंय तेही काही खोटं नाही.

आपल्याकडे बघा ना, 'आमच्या ह्याला काय, पुस्तक न उघडता मार्क पडतात' हे आया ताठ मानेने सांगतात आणि 'खूप बसतो हो अभ्यासाला' हे जरा समजूत घातल्यासारखं. स्थळ सांगताना 'मुलगी कामसू आहे' म्हटलं की पुढे काय सांगायचं राहिलंय ते ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. गाढवमेहनत, ढोरमेहनत हे शब्द काय उगाच आलेत का भाषेत.

आता इथे कोणीतरी येऊन तुम्हाला कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ बाईंचा अभ्यास ऐकवणारच, तर मीच सांगते. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या दोघींनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांना आकृत्यांची कोडी दिली, ती सुटल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं आणि काहींना 'तू मेहनत घेतली असशील'. मग पुढचं काम निवडायला सांगितलं, तर मेहनतीची शाबासकी मिळालेल्या ९२ टक्के मुलांनी ज्यातून काहीतरी शिकता येईल असं काम घेतलं, आणि हुशार म्हटलेल्यांपैकी दोनतृतीयांश मुलांनी ज्यात आपण चांगले दिसू असं. नंतर मुद्दाम अवघड कोडी देऊन आपटवलं, तर हुशार म्हटलेली मुलं त्यानंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली, आणि दुसऱ्या मुलांना आपले मार्क लिहून कळवायचे होते तेव्हा त्यांच्यातल्या जवळपास ४० टक्क्यांनी ते वाढवून लिहिले! यावरून सगळ्या पालक मीटिंगांमध्ये सांगतात की मेहनतीचं कौतुक करा. (२०१८ मध्ये या 'ग्रोथ माइंडसेट'वरच्या, म्हणजे मेहनतीने बुद्धी वाढते या समजुतीवरच्या, बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला तेव्हा मार्कांवरचा परिणाम बारीकसाच निघाला, ते मात्र मीटिंगमध्ये कोणी सांगत नाही.)

पण ती मुलं पाचवीतली होती आणि तुम्ही सव्वीसच्या, मुद्दा तिथेच आहे. जॉन निकल्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकातच दाखवलं होतं की लहान मुलांच्या डोक्यात मेहनत आणि हुशारी एकच असते, जो जास्त करतो तो हुशार, विषय संपला. साधारण अकरा-बारा वर्षांनंतर मुलं वेगळा हिशोब मांडायला लागतात, की दोघांना सारखेच मार्क मिळाले आणि एकाने जास्त घासली तर त्याचं डोकं कमी असणार. त्याच सुमारास जर्मनीत वुल्फ-उवे मायरने असं दाखवलं की सोप्या कामात दोघांनी सारखंच केलं आणि एकाचंच कौतुक झालं, तर बघणारी मोठी माणसं त्या कौतुक झालेल्यालाच कमी कुवतीचा समजतात. म्हणजे साधा मेल पाठवला आणि 'वा, किती मेहनतीने लिहिलास' असं कोणी म्हटलं की आपल्याला जे होतं तेच.

शब्द टोचला तर टोचू दे, पण मला खरा तोटा दुसरीकडे दिसतो. मी बेलापूरला एका कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते, ठाण्याहून रोज पनवेल लोकल पकडून. आमच्याकडे एक मुलगी आहे. इटलीहून आलेल्या मशिनरीच्या शिपमेंटचे पेपर तिच्याकडे होते, पॅकिंग लिस्टवरचं ग्रॉस वेट (पॅकिंगसकट वजन) आणि बिल ऑफ लेडिंगवरचं, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवरचं, जुळत नव्हतं. बाकी कोणी असता तर टायपिंग मिस्टेक म्हणून पुढे ढकललं असतं किंवा नुसतं घाबरून सरांकडे गेला असता. तिने त्याच सप्लायरच्या जुन्या फाइली उघडल्या आणि बघितलं तर दर वेळी फरक पडतोय आणि तो पॅलेटच्या (माल रचतात त्या फळ्यांच्या चौकटींच्या) संख्येप्रमाणे वाढतोय, म्हणजे ते लोक लाकडी पॅलेटचं वजन धरतच नाहीत. पंधरा मिनिटांत सापडलं तिला. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचा आयातीचा कागद, फाइल व्हायच्या आधीच तिने सुधारलेली पॅकिंग लिस्ट मागवली, नाहीतर नंतर अमेंडमेंट करत बसा आणि तोवर तिकडे कंटेनर अडकवून ठेवल्याच्या भाड्याचा, डिटेन्शनचा, मीटर चालू. इटलीची घड्याळं आपल्या साडेतीन-साडेचार तास मागे, त्यामुळे त्यांचं उत्तर यायला रात्र झाली आणि ती नऊपर्यंत ऑफिसात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सर सगळ्यांसमोर काय म्हणाले? 'हिची मेहनत बघा, नऊ वाजेपर्यंत बसली होती.'

कौतुक झालं ते वाट बघत बसण्याचं, पंधरा मिनिटांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही कारण ती कोणाला दिसलीच नव्हती. आणि मग पुढे काय होतं, एक्सेलमध्ये तीनशे ओळी भरायच्या असल्या की 'तू मेहनती आहेस ना, तूच कर', आणि क्लायंटसोबतच्या मीटिंगला दुसराच कोणीतरी जातो. त्याला इंग्रजी फाडफाड येतं, बाकी सांगत नाही.

त्यामुळे माझं ऐकाल तर 'हुशार' हा शिक्का मिळवायच्या मागे लागू नका, तो ज्यांच्यावर बसलाय त्यांना तो सांभाळत बसावं लागतं, तुमच्या शेजारचा मुलगा मीटिंगमध्ये 'मला हे कळलं नाही' असं कधी म्हणतो का बघा. तुम्ही फक्त तुमचा विचार लोकांना दिसेल असं करा. काम झालं की 'डन' लिहून सोडून देऊ नका, मेलमध्ये दोन ओळी टाका की अमुक दिसलं, त्यावरून तमुक वाटलं, म्हणून हे केलं आणि ते केलं नाही. किती वाजेपर्यंत बसलात ते स्वतःहून अजिबात सांगू नका, ते सांगितलं की समोरच्याला तेवढंच लक्षात राहतं. टीम लीड परत मेहनत मेहनत करायला लागला तर हसून विचारा, 'थँक्यू, पण त्यात नेमकं काय उपयोगी पडलं तुम्हाला?' बहुतेक जण आधी गडबडतात आणि मग खरंच काहीतरी कामाचं सांगतात. आणि एवढं करूनही तो 'नाही, तू खूप वेळ दिलास ना' एवढंच म्हणाला तर त्याने तुमचं काम उघडून बघितलेलंच नाही, मग अप्रेझलच्या आधी त्याच्या वरच्याला त्या मेलमध्ये कॉपी करायला सुरुवात करा.

घरच्यांचं काय करायचं ते मला सांगता येणार नाही. ताईला मात्र एकदा विचारून बघा तिला 'हुशार' म्हणून घेऊन कसं वाटायचं, बारावीच्या वर्षी विशेषतः.