सामंजस्य करार करावा, पण नोंदवही आपल्या हातची सोडू नये

आपण विचारले आहे की, युरोपातील एका विद्यापीठाकडून आपल्या ग्रामीण महाविद्यालयाला ‘शाश्वत विकास आणि हवामान कृती’ या विषयावर सामंजस्य कराराचा प्रस्ताव आला आहे. प्राचार्य उत्साहात आहेत, तर काही सहकारी म्हणतात की असे करार शाल-श्रीफळ आणि छायाचित्र यांपुढे जात नाहीत. करार करावा का आणि करायचा तर त्यात काय पाहावे, असा आपला प्रश्न आहे. तीसेक वर्षे अध्यापन आणि पाणलोट क्षेत्रातील संशोधन केल्यावर माझे मत असे झाले आहे की करार जरूर करावा. मात्र संशोधनाचा प्रश्न कोणी ठरवला आणि मोजणीच्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहणार, या दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात.

आपल्या सहकाऱ्यांची शंका निराधार नाही. फ्रान्समधील तालुआर येथे 1990 मध्ये काही विद्यापीठांच्या प्रमुखांनी पर्यावरणविषयक जाहीरनामा तयार केला आणि पुढे जगभरातील पाचशेहून अधिक संस्थांनी त्यावर सही केली. त्या सहीमुळे अभ्यासक्रमात वा वसतिगृहाच्या वीजवापरात काय बदल झाला, हे मात्र ज्या त्या संस्थेवरच अवलंबून राहिले. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 17 शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारल्यापासून करारांच्या मसुद्यांत या उद्दिष्टांचे क्रमांक टाकण्याची पद्धत पडली आहे. तेरावे उद्दिष्ट हवामान कृतीचे आणि सतरावे भागीदारीचे, त्यामुळे हे दोन आकडे आपल्या मसुद्यातही बहुधा असतीलच. त्यांनी बिघडत काही नाही, पण त्यांवरून कामाची कल्पनाही येत नाही.

खरे काम कसे दिसते, याचे एक उदाहरण देतो. 2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत आणि पाकिस्तानात जी उष्णतेची लाट आली, तिने उत्तरेकडील गव्हाचे दाणे भरण्याआधीच सुकवले आणि 13 मे रोजी भारताने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. या लाटेत हवामान बदलाचा वाटा किती, हे शोधण्यासाठी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील संशोधकांसोबत आयआयटी दिल्ली, आयआयटी मुंबई, भारतीय हवामान विभाग आणि पाकिस्तानातील अभ्यासक एकत्र आले. आजचे हवामान आणि औद्योगिकीकरणापूर्वीचे, 1.2 अंश सेल्सिअसने थंड असलेले हवामान यांची तुलना करून, अशी लाट येण्याची शक्यता सुमारे तीसपट वाढल्याचा निष्कर्ष त्यांनी मे महिना संपण्याच्या आत मांडला. ज्यांच्या अंगणात ऊन पडले, त्यांच्याच देशांतील तापमाननोंदी आणि त्यांचेच संशोधक त्या अभ्यासात होते, ही बाब मला फार मोलाची वाटते.

दुसरे उदाहरण ढाक्याचे आहे आणि ते आपल्याला अधिक जवळचे ठरावे. वनस्पतिशास्त्रज्ञ सलीमुल हक यांनी इम्पीरियलमधून डॉक्टरेट मिळवली, लंडनमध्ये दीर्घकाळ काम केले आणि नंतर ढाक्यातील इंडिपेंडंट युनिव्हर्सिटीत हवामान बदलाला वाहिलेले संशोधन केंद्र उभारले. बांगलादेशातील किनाऱ्यावरचा शेतकरी खाऱ्या पाण्याशी रोज झगडतो, तेव्हा त्या विषयातला जाणकार तोच आहे आणि जगाने त्याच्याकडे शिकायला यावे, ही हक यांची भूमिका होती. पुढे याच केंद्राच्या पुढाकाराने, युगांडातील कंपाला येथील मकेरेरे विद्यापीठासह, अल्पविकसित देशांतील विद्यापीठांचा एक संघ तयार झाला. ढाका आणि कंपाला यांनी परस्परांकडून शिकावे, दर वेळी वाट लंडनवरून जाण्याची गरज नाही, हा त्यामागचा विचार होता. हक 2023 च्या ऑक्टोबरमध्ये गेले. आपला प्रस्ताव युरोपातून आला आहे म्हणून तो नाकारू नये. पण एखादे बांगलादेशी वा आफ्रिकी विद्यापीठ तिसरा भागीदार म्हणून घेता येईल का, हे जरूर विचारावे.

आता माझा स्वतःचा अनुभव. फार वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी एका परदेशी विद्यापीठाबरोबरच्या प्रकल्पात चौदा विहिरींची पाणीपातळी तीन वर्षे मोजली. दर सोमवारी सकाळी दोन मुले मोजपट्टीला वजन बांधून विहिरीत सोडत, ओल्या खुणेवर बोट धरून पट्टी वर घेत आणि काठाची उंची वजा करून आकडा नोंदवहीत लिहीत. एका मुलीने समासात लिहिलेले मला अजून आठवते : ‘आज शेजारच्या मळ्यात मोटार रात्रभर चालू होती, म्हणून पातळी कमी.’ त्या नोंदवह्यांच्या मूळ प्रती पाहुण्यांनी नेल्या. निबंध प्रसिद्ध झाला, तो वाचायला पैसे मोजावे लागत होते. लेखकांत आमचे कोणी नव्हते आणि शेवटच्या ऋणनिर्देशात ‘स्थानिक स्वयंसेवक’ एवढाच उल्लेख होता. समासातल्या टिपणांचा उपयोग कोणी केलाच नाही, कारण ती मराठीत होती. ज्या गावांनी विहिरी उघड्या करून दिल्या, त्यांना तीन वर्षांचा साधा आलेखही मिळाला नाही. मला आजही त्या गावांत जाताना संकोच वाटतो.

म्हणून मसुद्यात हे स्पष्ट लिहून घ्यावे की मूळ नोंदी महाविद्यालयात राहतील आणि प्रती दोघांकडे असतील, मोजणी करणाऱ्या आणि तिचा अर्थ लावणाऱ्या येथील शिक्षक-विद्यार्थ्यांना सहलेखकत्व मिळेल, निबंध सर्वांना विनामूल्य वाचता येईल आणि निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत मांडले जातील. शेवटच्या कलमासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम धरायला सांगावी. रक्कम नसेल तर ते कलम कागदावरच राहते. बियाणे किंवा मातीतील सूक्ष्मजीवांचे नमुने बाहेर जाणार असतील तर जैविक विविधता कायदा, 2002 लागू होतो. परदेशी संस्थेला अशी साधने देण्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते आणि सहयोगी संशोधनाला मिळणारी सूट केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या, मान्यताप्राप्त प्रकल्पांपुरतीच असते. पैसे थेट महाविद्यालयाच्या खात्यावर येणार असतील तर परकीय योगदानाच्या कायद्याबाबत लेखापालांशी आधीच बोलावे. संयुक्त पदवीचा विषय निघाला तर तो तूर्त बाजूला ठेवावा. त्याचे नियम वेगळे आहेत आणि आपल्या कामाला त्याची गरज नाही.

प्राचार्यांना एक सुचवून पाहावे. सही करण्यापूर्वी युरोपातील प्राध्यापकांना एक आठवडा गावात राहायला बोलवावे, शेतकऱ्यांबरोबर बसवावे आणि प्रकल्पाचा प्रश्न तिथे ठरवावा. दोन वर्षांचे अनुदान संपल्यावर मोजणी कोण चालू ठेवणार, हेही त्याच बैठकीत विचारावे, आणि त्याचे जे उत्तर मिळेल ते करारात शब्दशः उतरवून घ्यावे. मसुदा हाती आल्यावर कलमे इथे मांडलीत, तर मी ती एकेक करून वाचून पाहीन.