आईला बोटीची भीती वाटते. तरी अलेप्पीला बोटीवरच्या रेस्टॉरंटमध्ये मासे खायला न्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात आईंचा साठावा वाढदिवस केरळात अलेप्पीला करायचा आहे. तिथं जुन्या मालवाहू होडीचं रेस्टॉरंट केलंय आणि पाण्यावर बसून मासे खायचे असा बेत आहे. पण आई म्हणतात, "ब्रह्मनाळ झाल्यापासून मी बोटीत पाय ठेवत नाही." तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातले, 2019 च्या पुरात बोट उलटली ते ब्रह्मनाळही तिथलंच, म्हणजे त्यांनी ते फक्त बातम्यांत बघितलेलं नसणार.

मी सांगलीचीच, विश्रामबागेत राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळं आम्ही काही वर्षं कोचीला होतो, त्यामुळं तिकडच्या बोटी आणि तिकडचे मासे दोन्ही चांगले माहितीचे आहेत. माझं मत विचाराल तर आईंना न्या, पण चालत्या बोटीवर नको. काठाला बांधलेल्या बोटीवर न्या, आणि दिवसाउजेडी न्या.

त्यांची भीती आधी नीट समजून घ्या. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथं 45 फूट आहे. त्या पुरात माणसं बाहेर काढताना ब्रह्मनाळची बोट उलटली. बोटीत मावतील त्यापेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांना पुरतील एवढी लाईफ जॅकेट नव्हती. ज्या बाईनं हे जवळून सोसलंय, तिला "काही होत नाही, चल गं" म्हणणं बरोबर नाही. त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे, ती खोटी पाडायला जाऊ नका.

केरळातल्या बोटी म्हणजे सगळ्या सुरक्षित, असंही मानू नका. 7 मे 2023 ला मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला पर्यटकांची बोट उलटली आणि 22 जण गेले. ती मुळात मासेमारीची बोट होती, तिलाच दुमजली करून लोकांना फिरवत होते. अंधार पडला होता आणि गर्दी क्षमतेपेक्षा जास्त होती. मासेमारीच्या बोटीत वजन तळाला असतं. बर्फ, मासे, जाळी सगळं खाली. त्याच बोटीवर मजला चढवून माणसं वर बसवली की वजन वर जातं, आणि काहीतरी बघायला सगळे एका बाजूला धावले की बोट कलंडते. म्हणून बोट मुळात कशाची होती आणि तिच्यावर किती मजले आहेत, हे विचारलंच पाहिजे.

अलेप्पीची जुनी होडी म्हणजे केट्टुवळ्ळम. अलेप्पीजवळच्या कुट्टनाड या भातशेतीच्या भागातला तांदूळ कोचीला न्यायची ही होडी, म्हणून पोट रुंद आणि तळ जवळजवळ सपाट. तिच्या फळ्यांना खिळे नसतात, काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या असतात. आत गेलात की चटई जरा बाजूला करायला सांगा. दोन फळ्यांच्या सांध्यावर काथ्याची जाड शिवण ओळीनं दिसते आणि वरून काळा लेप दिलेला असतो. बोटानं दाबून बघा, दगडासारखी घट्ट लागते. माल ट्रकनं जायला लागल्यावर या होड्या पडून राहिल्या, आणि नव्वदच्या दशकात त्यांवर बांबूचं छत घालून त्या पर्यटकांसाठी सजवल्या. एकमजली केट्टुवळ्ळम काठाला दोन्ही टोकांनी बांधलेली असेल तर आत बसल्यावर जेमतेम हेलकावा जाणवतो. शेजारून मोठी बोट गेली तर थोडा जास्त, तेवढंच. आईंना मधल्या भागात, स्वयंपाकघरापासून लांब बसवा. तेलाच्या वासानं मळमळायला लागलं तर माणसाला वाटतं बोटच हलतेय.

फोनवर बुकिंग करताना स्पष्ट विचारा की जेवताना बोट बांधलेलीच राहणार ना, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. किती माणसांची परवानगी आहे आणि त्या वेळेला किती जणांचं बुकिंग आहे, तेही विचारा. चढायच्या आधी लाईफ जॅकेट मागून घ्या आणि बक्कल लावून घट्ट करून बघा. आईंना ती घालूनच बसायचं असेल तर बसू द्या, कुणी हसायचं नाही. रात्रभराची हाऊसबोट घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला या बोटी काठाला लावाव्या लागतात, कारण त्यानंतर तिथले मच्छीमार जाळी टाकतात. म्हणजे रात्रीचं जेवण तसंही बांधलेल्या बोटीवरच होतं. पण पहिल्याच वेळेला आईंना मुक्कामाला नेऊ नका, दुपारचं जेवण पुरे.

आता जेवणाचं. आईंनी चिलापी (तिलापिया मासा) खाल्लेली असेलच. आपल्याकडं ती स्वस्त म्हणून तिला कुणी फारसं विचारत नाही, पण अलेप्पीचा मानाचा मासा करीमीन हा चिलापीच्याच कुळातला आहे. केरळ सरकारनं 2010 मध्ये त्याला राज्याचा मासा जाहीर केलं. ताटाएवढा नसतो, तळहाताएवढा असतो, अंगावर उभे पट्टे आणि मोत्यासारखे ठिपके. आईंना हे आधी सांगून ठेवा. अनोळखी बोटीवर ओळखीचा मासा म्हटलं की अर्धं ओझं तिथंच उतरतं.

करीमीन पोळ्ळिच्चत् मागवा. मासा चिरे देऊन मिरची-हळद लावून खोबरेल तेलात अर्धवट तळतात. मग छोटे कांदे, आलं, लसूण, टोमॅटो, कढीपत्ता यांचा मसाला परतून त्याच्यावर थापतात, विस्तवावर मऊ केलेल्या केळीच्या पानात बांधतात आणि तव्यावर दोन्हीकडून भाजतात. पानाच्या कडा काळ्या पडल्या की झालं. पुडी ताटातच उघडा. आधी वाफ येते, मग मसाला पानाला चिकटलेला दिसतो, तो बोटानं पुसून घ्यायचा, सगळ्यात चव त्यातच असते. या माशात काटे भरपूर. पाठीकडून सुरुवात करायची, कण्यावरून मांस बोटानं खाली ओढायचं आणि पोटाकडचे बारीक काटे शेवटाला ठेवायचे. चिलापी खाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

मासा शिजवायच्या आधी दाखवायला सांगा, चांगले लोक आनंदानं दाखवतात. कल्ले लाल, डोळा भरलेला, अंगठ्यानं दाबल्यावर खळगा लगेच भरून येणारा. मेन्यूवर नुसतं 'फिश फ्राय' लिहिलं असेल तर कुठला मासा ते विचारा. त्या नावाखाली कधीकधी गोठवलेला बासा येतो. सुरमई-पापलेट वाईट नाही, पण ते समुद्रावरून आणलेलं असतं आणि सांगलीतही बर्फातलं मिळतं. एवढ्या लांब जाऊन, बोट ज्या पाण्यावर उभी आहे त्या पाण्यातलं खायचं. मोठ्या गोड्या पाण्यातल्या कोळंबीची ताटं दाखवतील. ती वजनावर असते, तेव्हा डोळ्यासमोर वजन करून भाव ठरवल्याशिवाय हो म्हणू नका.

रश्श्यात दोन प्रकार मिळतील. मीन मोइली नारळाच्या दुधातली, सौम्य, अप्पमबरोबर छान लागते. दुसरा लाल, कुडमपुळी घातलेला. कुडमपुळी म्हणजे आपल्या कोकमाची बहीण, धुरावर वाळवून काळी केलेली. झणझणीत रस्सा खाणाऱ्या माणसाला हाच आवडेल, आंबटपणा जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो. भात मट्टा तांदळाचा, जाड आणि लालसर येतो. आईंना तो कोरडा वाटेल. शेंगदाणा तेलात वाढलेल्या आपल्या जिभेला खोबरेल तेलाचा वासही पहिल्या घासाला नको होतो, म्हणून तेल कमी वापरायला आधीच सांगा. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या. साठ वर्षांच्या बाईच्या पोटाला परक्या गावात घरचे चार घास पाहिजेतच.

बोटीपाशी पोचल्यावर त्या नको म्हणाल्या तर तिथंच थांबा. आग्रह नको आणि मागून कुणाचे टोमणे नकोत. अलेप्पी-कुमारकोमला पाण्याच्या अगदी काठावर खानावळी आहेत, तिथं हाच करीमीन, हाच रस्सा मिळतो. टेबल पाण्याकडं तोंड करून घ्या. वाढदिवस त्यांचा आहे, कुठं बसायचं ते त्यांनीच ठरवावं.

तारखांचं एकच सांगते. केरळात 9 जूनच्या मध्यरात्रीपासून 31 जुलैपर्यंत ट्रॉलर (समुद्रात जाळं ओढत मासे धरणाऱ्या यांत्रिक बोटी) बंद असतात आणि तोवर पाऊसही लागतो, तेव्हा बेत मेच्या पुढं ढकलू नका. मिरजेवरून पूर्णा एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला जाते, तिथून अलेप्पी गाडीनं दीड-दोन तास. गाडी आठवड्यातून एकदाच आहे आणि सुट्टीत तिची तिकिटं लवकर संपतात, म्हणून बोटीच्या आधी तिकीट काढा आणि आईंना खालचा बर्थ मिळतोय का ते बघा.