‘भविष्यातील त्रासाबाबत तक्रार नाही’ : त्या ओळीवर सही करावी का?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका ताईंचं पत्र आहे. यजमान 54 वर्षांचे. सकाळी अंघोळीला गेले, अर्ध्या तासानं हाक मारली तर ओ नाही. दार फोडलं तर बेशुद्ध. गॅस गिझर बाथरूममध्येच, थंडी म्हणून खिडकी बंद. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. आज बारावा दिवस, माणूस ठणठणीत. गिझर विकून बसवून देणारा दुकानदार 60,000 रुपये देतोय. स्टॅम्पपेपरही तयार: ‘भविष्यात उद्भवणाऱ्या कोणत्याही त्रासाबाबत माझी तक्रार राहणार नाही.’ डॉक्टर म्हणतात, पुढचं आत्ताच सांगता येत नाही. सही करावी का?

ताई, नको. निदान आत्ता तरी नको.

दुकानदार पैसे दवाखान्याच्या बिलाचे देत नाही, त्या एका ओळीचे देतोय. कोंदट जागेत गॅस नीट न जळता जो विषारी वायू होतो, त्या कार्बन मोनॉक्साइडचं दुखणं दगाबाज. माणूस शुद्धीवर येतो, जेवतो, चेष्टामस्करी करतो. आणि काही दिवसांनी, कधी महिन्या-सव्वा महिन्यानंही, विसरायला लागतो, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, स्वभाव पालटतो. सगळ्यांना होत नाही, आणि झालेल्यांतले बरेचजण वर्षभरात सुधारतात. पण कुणाला होणार हे खात्रीनं सांगणारी तपासणी नाही. बेशुद्धी, त्या हवेत गेलेला वेळ आणि वय यांनी धोका वाढतो, एवढं डॉक्टर सांगू शकतात. ते त्यांच्याकडून लिहूनच घ्या, आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवून आजची स्मरणशक्ती कागदावर येऊ द्या.

उद्या समोरचा वकील रक्तातल्या कार्बोक्सीहिमोग्लोबिनचा (म्हणजे हा वायू चिकटलेल्या हिमोग्लोबिनचा) आकडा नाचवेल: बघा, किती कमी होता! साध्या हवेत तो आकडा साधारण 4 ते 6 तासांत निम्म्यावर येतो, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तासात. म्हणून ऑक्सिजन किती वाजता लावला आणि रक्त किती वाजता घेतलं, या दोन वेळा असलेले केसपेपर आजच मागा. शिवाय तो आकडा पुढचं भाकीत करत नाही. घरात एक वही ठेवा. दूधवाल्याचा हिशेब चुकला, दुचाकी लावलेली जागा आठवली नाही, असलं काहीही तारीख घालून लिहा.

पैशाची नड असेल तर ‘उपचारखर्चापोटी, इतर हक्क राखून’ अशी पावती देऊन घ्या. दुकानदार कबूल होणार नाही, तो भाग वेगळा.

दाद जिल्हा ग्राहक आयोगात मागायची. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय म्हणून उठून तिकडे धावायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे मुदत 2 वर्षांची. ती अपघाताच्या तारखेपासूनच मोजा. त्रास उशिरा दिसला म्हणून मुदतही उशिरा सुरू झाली, हा युक्तिवाद वकिलाला अडीअडचणीला करू द्या, तुम्ही त्यावर विसंबू नका. तक्रार दुकानदाराबरोबर उत्पादकावरही करता येते. सदोष मालाची जबाबदारी कलम 82 ते 87 मध्ये आहे. गिझर 5 लाखांच्या आतला, त्यामुळे तक्रारीला फी नाही.

खरी अडचण खिडकीची. ‘बंद तुम्हीच केली’ असं म्हणतील, आणि ते अगदीच खोटं नाही. मग प्रश्न असा, की गिझर आत बसवला कुणी, आणि खिडकी उघडी ठेवा असं कुणी सांगितलं होतं का? गिझर जागचा हलवू देऊ नका, ‘दुरुस्तीला नेतो’ म्हणाले तरी. फोटो काढा. आणि त्यासोबत आलेली सूचनापुस्तिका व बसवल्याचं बिल घरात कुठं आहे, ते आज रात्रीच शोधा.