वेट लॅबमधल्या स्टुलावर

सस्नेह आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. बायोइन्फर्मॅटिक्समधल्या, म्हणजे संगणकाने जीवशास्त्र अभ्यासायच्या आपल्या विषयातल्या, पीएचडीचं कोर्सवर्क संपलं, तुझ्या मार्गदर्शक मॅडमनी सिक्वेन्सिंगचा (जनुकीय अक्षरक्रम वाचून मिळालेला) डेटा हातात दिला आणि लॅबमध्ये कोड लिहिणारी तू एकटीच उरलीस. अडलं तर विचारायचं कुणाला, हा तुझा प्रश्न. ओळखी कशा वाढवायच्या, हे शेवटच्या ओळीत जरा संकोचत विचारलंयस. मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, म्हणून उत्तरही एकत्रच लिहिते.

सुरुवात तुझ्याच इमारतीतून कर. वरच्या मजल्यावरच्या वेट लॅबमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग होतात तिथे, ज्यांनी तुझी सॅम्पल तयार केली, त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बस. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एका सहकारी लॅबमधून आरएनए सिक्वेन्सिंगचा, म्हणजे कुठलं जनुक किती सक्रिय आहे हे दाखवणारा, डेटा आला होता. बारा सॅम्पल : सहा औषध दिलेली, सहा न दिलेली. माझ्या विश्लेषणात हजारो जनुकांची पातळी बदललेली दिसली आणि मी हरखून गेले. दोन महिने त्या यादीवर घालवले, आकृत्या काढल्या, सरांना दाखवल्या. मग एका दुपारी त्या लॅबमधल्या मुलीबरोबर चहाला गेले आणि परत येताना सहज तिची वही बघितली. औषध दिलेल्या सहांमधला आरएनए एका आठवड्यात काढलेला होता. उरलेल्या सहांमधला तीन आठवड्यांनी, दुसऱ्या कंपनीच्या किटने (तयार रसायनसंचाने), दुसऱ्याच विद्यार्थ्याने. औषधाचा परिणाम कुठला आणि किटचा कुठला, हे आता कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नव्हतं, कारण दोन्ही फरक एकाच रेषेवर पडले होते. चूक तिची नव्हती. असं केल्याने काय बिघडतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि वही बघायची असते हे मला. प्रयोग पुन्हा करावा लागला. या वेळी आखणी आम्ही दोघींनी मिळून केली : रोज दोन्ही गटांतली सॅम्पल, किट एकच, काढणारा हातही एकच. हजारोंची यादी आटून काही डझनांवर आली, पण ती टिकली. माझा पहिला पेपर त्यातूनच निघाला. आज माझ्या विद्यार्थ्यांचं काही अडलं, तर मी पहिला फोन तिलाच करते.

मी ओळख म्हणते ती ही.

आपल्या विषयाची घडणच अशी आहे. 1990 साली पुणे विद्यापीठातल्या कोळसकर आणि तोंगावकर यांनी प्रथिनाचा कुठला भाग प्रतिजन म्हणून काम करेल, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कुठला भाग ओळखेल, याचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली. तिचा आधार काय होता? ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी प्रत्यक्ष प्रयोग करून निश्चित केलेले प्रतिजन-खंड, आणि त्यांत कुठलं अमिनो आम्ल किती वेळा येतं याची मोजदाद. प्रयोगशाळेत कुणीतरी हाताने केलेलं काम खाली नसतं, तर वरचं गणित उभंच राहिलं नसतं.

काही गोष्टी कोर्सवर्कच्या बारा क्रेडिटमध्ये बसत नाहीत, त्या शेजाऱ्याला विचारूनच कळतात. जीनोमवरच्या जागा नोंदवणाऱ्या फाइलींपैकी बेडमध्ये मोजणी शून्यापासून असते, जीएफएफ आणि व्हीसीएफमध्ये एकपासून. एका अंकाने सगळं सरकतं आणि प्रोग्राम चुकला असं म्हणतही नाही. समोरच्याने दिलेली जागा एचजी19 वरची आणि तुझी एचजी38 वरची (मानवी जीनोमच्या या दोन वेगळ्या संदर्भ-आवृत्त्या) असेल, तर दोघंही बरोबर असून उत्तर चुकतं. एक्सेल जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकतं. त्यापायी 2020 साली मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीला नावंच बदलावी लागली, मार्च1 चं मार्चएफ1 झालं. ही यादी पाठ करू नकोस. अशी चूक ज्याने आधी केलेली आहे असा माणूस गाठ. संख्याशास्त्र मात्र संख्याशास्त्राच्याच विभागात जाऊन शिक, क्रेडिट मिळो न मिळो. आणि कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट आजपासून वापर, उद्यापासून नको.

तू पुण्यात आहेस, हे विसरू नकोस. विद्यापीठाच्या आवारातच एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आहे. पाषाणकडे एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आहेत. सी-डॅक या संगणन-संशोधन संस्थेत बायोइन्फर्मॅटिक्सचा स्वतंत्र गट आहे. तिथली व्याख्यानं ऐकायला जा आणि ती संपल्यावर लगेच बस पकडू नकोस. चहाच्या टेबलाशी थांब. मोठ्या वक्त्याभोवती गर्दी असते, तिथे घुसू नकोस; त्यांच्याबरोबर आलेल्या पोस्टडॉकशी, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्याशी, बोल. तुझ्या अडचणीतून तो दोन वर्षांपूर्वीच गेलेला असतो आणि त्याला सगळं अजून आठवतं.

संगणकीय जीवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय सोसायटीची विद्यार्थी परिषद 2004 पासून आहे. ती विद्यार्थीच चालवतात आणि तिची भारतातही शाखा आहे. सदस्य होऊन यादीत नाव घालण्यात अर्थ नाही, एखादं काम अंगावर घे. एखाद्या वेबिनारचे वक्ते ठरवण्यासाठी तू पाच जणांना पत्र लिहिशील, तेव्हा ते पाचही जण तुला नावाने ओळखायला लागतील. परदेशी परिषदेचा खर्च झेपत नसेल, तर आशिया-पॅसिफिक भागात फिरणारी इनकॉब ही बायोइन्फर्मॅटिक्सची परिषद बघ. ती 2002 पासून भरते. प्रवास-अनुदानाचा अर्ज परिषदेत मांडायचं पोस्टर स्वीकारलं जायच्या आधीच लिहून ठेव.

पोस्टरपुढे उभी राहशील तेव्हा पाठ केलेलं म्हणून दाखवू नकोस. येणाऱ्याला आधी विचार, तुम्ही कशावर काम करता? मग त्याच्या कामाला लागेल तेवढंच सांग. कुणाला स्क्रिप्ट पाठवते म्हणालीस, तर त्याच आठवड्यात पाठव. हे करणारी माणसं इतकी कमी असतात की ती लक्षात राहतात.

अनोळखी माणसाला लिहिताना, 'सर, मला मार्गदर्शन करा' असं लिहू नकोस. अशा मेलला उत्तर काय देणार? सॉफ्टवेअर टूलची आवृत्ती, दिलेली आज्ञा, आलेली चूक आणि ती पुन्हा घडवणारी दहा ओळींची फाइल, एवढं पाठव. निम्म्या वेळा ती फाइल तयार करतानाच तुला उत्तर सापडेल. नाहीच सापडलं, तर समोरचा मन लावून वाचेल. उत्तर मिळालं की त्या टूलच्या वापर-सूचनांमध्ये (डॉक्युमेंटेशनमध्ये) तशी दुरुस्ती करून पाठव. टूल लिहिणाऱ्यांशी माझी ओळख अशीच झाली.

मॅडमना कोड कळत नाही, ही तुझी तक्रार मला रास्त वाटत नाही. त्यांना पेशी कळते, ती तुला शिकायची आहे. पण कोड वाचणारा दुसरा कुणीतरी हवाच, आणि ते मॅडमना विचारून, उघडपणे कर. दर सत्राला सल्लागार समितीपुढे उभं राहावं लागतंच. तिथे नुसती प्रगती वाचून दाखवू नकोस, 'मला संख्याशास्त्राचं कुणीतरी हवंय' असं स्पष्ट माग.

आता पुढच्या मेलबरोबर सॅम्पलचा तक्ता पाठव. कुठल्या दिवशी, कुठल्या किटने, कुणी आरएनए काढला, हे तीन रकाने त्यात हवेत. ते तुझ्याकडे नसतील, तर आधी वरच्या मजल्यावर जाऊन ये.

तुझी,
ताई