घाट उतरताना काटा का घसरतो?

प्रश्न : पहाटे करूळ घाट उतरताना गाडीचा टेम्परेचरचा काटा पार खाली येतो, हीटरही गार हवा फेकतो. थंडीमुळे असेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्याकडची थंडी तेवढी नसते. उतारावर इंजिन कमी तापतं हे खरं, पण ८०-९० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट (कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, वाटेवरची झडप) अशा वेळी मिटून कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तुमचा बहुधा उघडाच अडकलाय. आधी, इंजिन गार असताना, कूलंटची पातळी बघा. मग गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) हात लावा, फॅनपासून जपून. काटा चढायच्या आधीच होज कोमट लागला, तर थर्मोस्टॅट गेला. नवा बसवताना सीलही बदला. कूलंट भरल्यावर एअर काढायला लावा, नाहीतर हीटर गारच! ‘थर्मोस्टॅट काढूनच टाकू’ म्हणणाऱ्या मेकॅनिकचं ऐकू नका. इंजिन गारच चालतं आणि इंधन जास्त पितं.